सातशे सत्तर म्हणजे तीन

मशीन अडकलंय हे आम्हाला नेहमी उशिराच कळायचं, कारण ते धडपणे कोसळायचंच नाही. पिंगला उत्तर यायचं, लॉगिन व्हायचं, मशीनवर काय चाललंय ते दाखवणारं टॉपसुद्धा चालायचं. टॉपमध्ये मात्र विचित्र चित्र दिसायचं: सीपीयू ९८ टक्के रिकामा आणि लोड ४०० च्या पुढे. चालू प्रोसेसची यादी देणारं 'पीएस' टाइप करून एंटर मारला की निम्मी यादी यायची आणि टर्मिनल थिजायचं. दुसऱ्या टर्मिनलमधून त्या पीएसला किल नाइन (प्रोसेस सक्तीने मारणारा सिग्नल) दिला की तो सुटायचा. ज्यांच्यासाठी मशीन होतं ते प्रोग्राम मात्र कशानेच हलायचे नाहीत. मग कोणीतरी रीबूट करायचं आणि पुढचे दोन-तीन आठवडे शांतता.

लोड ४०० आणि सीपीयू मोकळा, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला बुचकळ्यात टाकतं. लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात सीपीयूसाठी ताटकळणारे थ्रेड (प्रोग्राममधले स्वतंत्रपणे चालणारे धागे) असतात, तसेच 'डी' अवस्थेत झोपलेलेही असतात. 'डी' म्हणजे अशी झोप की साध्या सिग्नलने जाग येत नाही. थोडक्यात, चारशेजण कुठल्यातरी दाराशी उभे होते आणि दार उघडत नव्हतं. दार कुठलं, एवढंच शोधायचं होतं. त्यात माझे जवळपास पाच आठवडे गेले.

आमचं एक कर्नल मॉड्यूल आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसणारा कोड. ते मेमरीत एक टेबल ठेवतं. बाकीचे प्रोग्राम ते टेबल स्वतःच्या मेमरीत मॅप करून वाचतात, काही आयओसीटीएल (कर्नलला थेट विनंती) करून विचारतात. टेबल बदलायची वेळ क्वचित येते, कुणीतरी कॉन्फिगरेशन रीलोड केलं तर. वाचणारे शेकडो आणि लिहिणारा एखादा, तोही कधीतरी, तर तिथे रीडर-रायटर लॉक ठेवायचा, हे कुणीही सांगेल. आम्हीही तेच केलं होतं. कर्नलमधला झोपू देणारा प्रकार, आरडब्ल्यू-सेमाफोर. रीडर कितीही एकत्र आत जाऊ शकतात, रायटर आत असेल तर एकटाच.

यातली एक गोष्ट पुढे सारखी लागणार आहे म्हणून आत्ताच सांगते. रायटर रांगेत उभा राहिला की नंतर येणारे रीडरही त्याच्या मागे रांगेत जातात, लॉक त्या क्षणी रीडरांकडेच असला तरीसुद्धा. तसं केलं नाही तर रीडर येतच राहतील आणि रायटरचा नंबर कधीच लागणार नाही. व्यवस्था न्याय्य आहे, पण तिचा परिणाम असा की आत एक जरी रीडर अडकून बसला आणि बाहेर एक रायटर आला, की सगळ्यांचाच रस्ता बंद.

पहिल्या वेळी माझ्या हातात फक्त कर्नलचा लॉग होता. कर्नलमध्ये एक थ्रेड अडकलेल्या टास्कवर नजर ठेवून असतो. १२० सेकंदांहून जास्त काळ कोणी अखंड 'डी' अवस्थेत राहिला तर तो लॉगमध्ये त्याचं नाव आणि स्टॅक (तो कुठल्या फंक्शनमधून कुठे पोचला त्याची उतरंड) लिहून ठेवतो. पण असे इशारे तो एकूण दहाच देतो, मग गप्प बसतो. हा आकडा वाढवता येतो, पण ते सुचतं तेव्हा वेळ गेलेली असते. आमचे दहाही इशारे खर्ची पडले होते ते चुकीच्या माणसांवर. दहाही स्टॅकमध्ये वर 'आरडब्ल्यूसेम डाउन रीड स्लोपाथ', म्हणजे रीडर म्हणून लॉकची वाट बघणं, आणि खाली पेज फॉल्ट, म्हणजे हवं ते मेमरीचं पान जागेवर नसल्याने कर्नलला मध्ये पडावं लागणं. त्यातले काही आमच्या लॉकवर, काही भलत्याच लॉकवर. रायटरचा मागमूस नाही.

म्हणून पुढच्या वेळेची तयारी केली. अडकलेला टास्क दिसला की कर्नलने स्वतःच पॅनिक व्हावं अशी सेटिंग चालू केली आणि केडम्प लावून ठेवला, म्हणजे मशीन मरताना मेमरीचा पूर्ण डम्प मागे राहील. बारा दिवसांनी डम्प मिळाला. मला आनंद झाला, हे जरा चमत्कारिक वाटेल, पण ज्यांनी डम्पशिवाय हँग शोधलाय त्यांना कळेल.

डम्प 'क्रॅश' या टूलमध्ये उघडला आणि 'डी' अवस्थेतल्या प्रत्येकाचा स्टॅक काढला. चारशेच्या वर. इथे पहिली गाठ सुटली. अडकलेले सगळे एकाच लॉकवर नव्हते, कुलपामागे कुलूप होतं. एखाद्या प्रोग्रामचा थ्रेड मॅप केलेलं टेबल वाचायला जातो, पेज फॉल्ट होतो. फॉल्ट हाताळताना कर्नल त्या प्रोसेसचा एमएमॅप लॉक, म्हणजे तिच्या मेमरीच्या नकाशाचं कुलूप, रीडर म्हणून धरतो (आमचं कर्नल ५.१५ होतं, तिथे हे असंच चालतं) आणि आमच्या फॉल्ट हँडलरला बोलावतो. हँडलर टेबलचा लॉक रीडर म्हणून मागतो आणि अडकतो. आता त्याच प्रोसेसमधला दुसरा थ्रेड मेमरी परत करायला जातो, त्याला एमएमॅप लॉक रायटर म्हणून हवा असतो. तोही अडकतो. मग पीएस येतो. त्याला त्या प्रोसेसची कमांड लाइन वाचायची असते आणि ती त्या प्रोसेसच्या मेमरीत असते, म्हणजे पुन्हा एमएमॅप लॉक, रीडर म्हणून. पुढे रायटर रांगेत, म्हणून पीएसही रांगेत. पीएसचं वाट बघणं किल करता येण्याजोगं लिहिलेलं आहे म्हणून तो एकटा किल नाइनने सुटायचा.

म्हणजे चारशेतले बहुतेक साखळीतले मधले बळी. मूळ होता आमच्या टेबलचा लॉक. त्याच्या रांगेत ५८ जण होते, सगळ्यात पुढे रीलोड करणारा रायटर आणि मागे ५७ रीडर. रायटर कशासाठी थांबलाय? आत कोणी रीडर आहे म्हणून. कोण?

त्या लॉकचं स्ट्रक्चर छापून घेतलं. त्यात दोन फील्ड कामाची, काउंट आणि ओनर. काउंट होता ७७०. ओनर एक लांबलचक हेक्स पत्ता, शेवटचा अंक ३.

ओनर दिसल्यावर काउंटकडे कोण बघतो? मी नाही बघितलं. ओनरच्या पत्त्यातले सगळ्यात खालचे दोन बिट खुणेसाठी वापरतात. एक म्हणजे 'लॉक रीडरकडे आहे', दुसरा म्हणजे 'याच्यासाठी गरगरत वाट बघू नका, सरळ झोपा'. दोन्ही लागले म्हणून ३. ते काढून टाकले की राहतो तो टास्कचा पत्ता. तो उघडला तर एक लॉग गोळा करणारा प्रोग्राम निघाला, त्याचा एक थ्रेड. तो अडकलेला नव्हताच. ईपोलमध्ये निवांत झोपला होता, कुणी काही पाठवलं तर उठेन म्हणत.

दीड दिवस मी त्या प्रोग्रामच्या मागे होते. तो आमचं टेबल कुठे वाचतो, कुठल्या आयओसीटीएलने वाचतो, वाचल्यावर काय करतो, सगळं. काही सापडेना. मग आरडब्ल्यू-सेमाफोरचा कोड उघडला, आणि तिथे कॉमेंटमध्येच स्वच्छ लिहिलेलं होतं: रीडरच्या बाबतीत ओनर म्हणजे लॉक घेणारा सगळ्यात शेवटचा रीडर, तोही फक्त अंदाजापुरता. त्याने लॉक कधीच सोडलेला असू शकतो. सोडताना नाव पुसलं जात नाही. पुसायचं असेल तर कर्नल डीबगच्या वेगळ्या पर्यायासकट बांधावं लागतं, आणि चालू मशीनवर तसं कर्नल कोण ठेवणार. रायटरचं तसं नाही. रायटर एकच असतो, त्याचं नाव खरं असतं. रीडर शंभर असू शकतात आणि नावाची जागा एक. जो शेवटी आला त्याची सही राहते, आत कोण बसलंय ते त्यावरून कळत नाही.

कोड आधी वाचायला हवा होता. असो.

मग वाटलं, डोकेफोड कशाला, लॉकडेप आहे की. लॉकडेप कर्नलमध्ये २००६ पासून आहे. कोणता लॉक धरलेला असताना कोणता मागितला याची तो नोंद ठेवत जातो आणि त्या नोंदींत वर्तुळ दिसलं की बोंब मारतो. गंमत म्हणजे प्रत्यक्ष डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) व्हावाच लागत नाही. दोन वाटा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या थ्रेडवर चालून गेल्या तरी पुरतं. किंमत एवढीच की कर्नल चांगलंच मंदावतं, म्हणून ते चाचणीच्या मशीनवरच.

लॉकडेपसकट कर्नल बांधून व्हर्च्युअल मशीनवर आमच्या चाचण्या सोडल्या. तीन मिनिटांत लॉगमध्ये लाल अक्षरं: वर्तुळाकार अवलंबन शक्य. एका बाजूला टेबलचा लॉक, दुसऱ्या बाजूला एमएमॅप लॉक. आमचा एक आयओसीटीएल टेबलचा लॉक धरून युजरच्या बफरमध्ये उत्तर कॉपी करत होता. युजरचं पान जागेवर नसेल तर तिथेच पेज फॉल्ट होऊ शकतो, म्हणजे आधी टेबलचा लॉक, मग एमएमॅप. आणि फॉल्ट हँडलरमध्ये नेमकं उलटं, आधी एमएमॅप, मग टेबल. मध्ये दोन्हीकडे रायटर येऊन उभे राहिले की चौघेही एकमेकांची वाट बघत जन्मभर. लॉकडेपला प्रत्यक्ष फॉल्ट व्हायचीही गरज पडली नव्हती. युजर मेमरीत कॉपी करणाऱ्या फंक्शनमध्ये 'इथे फॉल्ट होऊ शकतो' अशी खूण असते, तेवढी त्याला पुरते.

बग खरा होता. मी तो नीट काढला. लॉकखाली उत्तर आपल्याच बफरमध्ये घ्यायचं, लॉक सोडायचा, मग युजरला कॉपी करायची. लॉकडेप जिथे ओरडला होता ती चाचणी पुन्हा चालवली, शांत. चाचण्यांचा पूर्ण संच सहा तास घेतो. संध्याकाळ झाली होती, तो चालवला नाही. पॅच गेला, मेल गेला, सगळ्यांनी अभिनंदन केलं.

नवव्या दिवशी दुसरं मशीन अडकलं. पॅच असलेलं.

त्या दिवशी फार बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. शेजारचा सहकारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चल, पहिल्यापासून सांग." मी दोन्ही डम्प शेजारी शेजारी उघडले. जुन्यात काउंट ७७०, नव्यात २५८.

"हे ७७० काय आहे?"

"रीडर. आत असलेले."

"अगं, पण रांगेतच ५८ आहेत, आणि आत ७७०? आमचं टेबल वापरणारे एवढे थ्रेड तरी आहेत का?"

नव्हते. हे मी कधी मोजलंच नव्हतं. ७७० हा आकडा मला खटकला नव्हता, कारण आरडब्ल्यू-सेमाफोर मी शिकले तेव्हा काउंटच्या खालच्या ३२ बिटांत आत असलेल्यांची थेट मोजणी असायची आणि रांगेत कोणी असेल तर आकडा ऋण व्हायचा. डोक्यात तेच बसलेलं. पण मग रांगेत ५८ असताना आकडा धन कसा? तेही मला खटकलं नव्हतं. २०१९ साली या लॉकची आतली रचना बदलली. आता सगळ्यात खालचा बिट म्हणजे रायटर आत आहे, पुढचा म्हणजे रांगेत कोणीतरी आहे, तिसरा म्हणजे पुढचा नंबर रांगेतल्या पहिल्याला राखून ठेवलाय. पुढचे पाच बिट रिकामे ठेवलेत. रीडरांची मोजणी त्याच्या वरून सुरू होते, म्हणजे प्रत्येक रीडरमागे आकड्यात २५६ ची भर.

सहकाऱ्याने कागदावर भागाकार केला. ७७० म्हणजे तीन वेळा २५६, उरले २. २५८ म्हणजे एकदा २५६, उरले २. दोन म्हणजे रांग आहे, रायटर आत नाही. पहिल्या डम्पमध्ये आत तीन रीडर, दुसऱ्यात एक.

तीन माणसं शोधणं आणि सातशे सत्तर शोधणं यात फरक आहे. आता प्रश्न नेमका झाला. लॉकचा पत्ता घेतला आणि डम्पमधल्या प्रत्येक टास्कच्या कर्नल स्टॅकमध्ये शोधला. क्रॅशमध्ये त्यासाठी कमांड आहे, सगळे स्टॅक चाळते. कोणी लॉक धरून आत कुठेतरी झोपला असेल तर त्याच्या स्टॅकवर तो पत्ता बहुतेक वेळा असतो, रजिस्टरमधून ढकललेला, कुठेतरी. पहिल्या डम्पमध्ये ६० टास्क निघाले. रांगेतले ५८ वजा केले, उरले दोन. हृदय जरा जोरात धडधडलं. पण दोघांच्या स्टॅकमध्ये तो पत्ता चालू फ्रेमच्या बाहेर होता, आधीच्या कुठल्यातरी कॉलचा शिळा अवशेष. स्टॅक कोणी पुसत नाही, त्यामुळे जुनं सामान पडून राहतं. एकजण टायमरवर झोपला होता, दुसरा सॉकेटवर, दोघांचाही आमच्या मॉड्यूलशी त्या क्षणी संबंध नव्हता. दुसऱ्या डम्पमध्ये तर रांगेबाहेर एकही नाही.

म्हणजे हिशोब असा: लॉक सांगतो आत तीनजण आहेत. अख्ख्या मशीनवर एकही टास्क असा नाही जो आत आहे.

तेव्हा मला नऊ दिवसांपूर्वीची माझी चूक दिसली. मी शोधलेला वर्तुळाकार डेडलॉक खरोखर घडला असता तर लॉक धरणारा समोर दिसला असता. त्याच्या स्टॅकमध्ये आयओसीटीएल, त्यावर कॉपी, त्यावर पेज फॉल्ट, त्यावर एमएमॅपच्या रांगेत झोप. असा एकही स्टॅक पहिल्या डम्पमध्ये नव्हता. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. एक खरा बग हातात आला म्हणून तोच आपला बग, असं मी मानून टाकलं.

धरणारे नाहीत आणि धरलेला आहे, याचा अर्थ एकच. कोणीतरी लॉक घेतला आणि न सोडता निघून गेला. कर्नलमध्ये प्रोसेस मेली की तिच्या उघड्या फाइल बंद होतात, मेमरी परत जाते, पण तिने घेतलेला सेमाफोर कोणी सोडवत नाही. नाव तर नोंदलेलंच नसतं, सोडवणार कसा? आणि रायटर येईपर्यंत कुणाला काही जाणवतही नाही. रीडर येतात जातात, मोजणीत एक जास्त राहिला तरी त्यांना फरक पडत नाही. पाच दिवसांनी कोणी रीलोड करतं आणि तेव्हा सगळं गोठतं. म्हणूनच आम्ही इतके दिवस रीलोडच्या कोडला शिव्या घालत होतो. बिचारा रीलोड. त्याचा दोष एवढाच की तो एकटाच दार पूर्ण रिकामं मागत होता.

मॉड्यूलमध्ये 'डाउन रीड', म्हणजे रीडर म्हणून लॉक घेणारा कॉल, अकरा ठिकाणी होता. अकराही ठिकाणं वाचली. प्रत्येक ठिकाणी तो सोडणारा 'अप रीड' होता, चुकीच्या वाटेवरही होता. पुन्हा वाचली. सहकाऱ्याने वाचली. सगळं जागच्या जागी.

वाचून सापडेना तेव्हा उलट बाजूने गेलो. पहिल्या मशीनवर तीन, दुसऱ्यावर एक. मागच्या यशस्वी रीलोडनंतर काय तीनदा घडलं आणि काय एकदा? मागचा रीलोड यशस्वी झाला म्हणजे त्या क्षणी आत कोणी नव्हतं, मोजणी शून्य होती. तिथपासून अडकेपर्यंतचे लॉग काढले, सिस्टिमचे, प्रोग्रामांचे, सगळेच. बहुतेक घटना शेकड्यांत होत्या. मॉनिटरिंगच्या लॉगमध्ये एक ओळ मात्र विरळ होती: 'दहा सेकंदांत उत्तर नाही, प्रोसेस मारली.' पहिल्या मशीनवर मागच्या रीलोडनंतर ही ओळ तीनदा, दुसऱ्यावर एकदा. सहकारी उठून उभा राहिला. मी बसूनच राहिले, कारण एकदा फसले होते. जुन्या हँगचा आणखी एक डम्प दुसऱ्या टीमकडे पडून होता, कुणी उघडलाच नव्हता. तो मागवला. काउंट १२८२. पाच वेळा २५६, उरले २. लॉगमध्ये ती ओळ पाचदा.

मग मीही उभी राहिले.

मॉनिटरिंगचा छोटा प्रोग्राम दर मिनिटाला आमच्या आयओसीटीएलने टेबलमधल्या नोंदी विचारतो. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्याला किल नाइन मिळतो. म्हणजे तो आयओसीटीएलच्या मध्यावर, लॉक धरलेला असताना मरतोय. पण लॉक धरून थांबतोय कशासाठी? ते फंक्शन पुन्हा उघडलं. डाउन रीड. पुढच्या ओळीत नोंद शोधणे. त्यापुढच्या ओळीत, नोंद हार्डवेअरकडून ताजी होत असेल तर पूर्ण होईपर्यंत थांबणे. थांबण्याचा प्रकार मरणाच्या सिग्नलने तुटणारा, म्हणजे सिग्नल आला की ऋण आकडा परत. आणि हे सगळं एका मॅक्रोच्या (एका नावामागे दडवलेल्या कोडच्या तुकड्याच्या) कंसात, 'चेक ऑर रिटर्न'. मॅक्रोचं नावच सांगतंय की चूक आली तर परत जा. तो परत जायचा, सरळ फंक्शनच्या बाहेर, अप रीडला वळसा घालून.

आम्ही दोघांनी ती ओळ दोन-दोनदा वाचली होती. डोळे 'रिटर्न' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला शोधतात, मॅक्रोच्या नावात नाही. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये टाळायच्या मॅक्रोंच्या यादीत पहिलाच प्रकार हा आहे, प्रवाह बदलणारे मॅक्रो. हा नियम मला आधी शिष्टाचारासारखा वाटायचा.

इतिहास काढला तर तो आणखी बोलका निघाला. मूळ कोडमध्ये हे थांबणं लॉक घेण्याच्या आधी होतं, मॅक्रो तिथे निर्धोक होता. नंतर कोणाला तरी एक रेस सापडली, नोंद शोधणे आणि थांबणे यांच्या मध्ये टेबल बदलू शकत होतं. म्हणून डाउन रीड चार ओळी वर सरकवला. तो बदलही रेसच्या दृष्टीने बरोबर होता. तपासून 'ठीक आहे' म्हणणाऱ्या दोघांत मी एक होते. डिफमध्ये (कोडमधले बदल दाखवणाऱ्या यादीत) फक्त सरकलेली ओळ उठून दिसते, मॅक्रोची ओळ बदललेली नसते, म्हणून ती कुणी वाचत नाही.

आता खात्री करून घ्यायची होती. व्हर्च्युअल मशीन, लॉकडेप, ताजं होणं मुद्दाम वीस सेकंद लांबवलं, आयओसीटीएल चालू केला आणि किल नाइन. लॉगमध्ये लगेच: 'अमुक प्रोसेसने अजून लॉक धरलेले आहेत', खाली टेबलच्या लॉकचं नाव आणि तो घेतला ती ओळ. प्रोसेस मरताना लॉकडेप हे तपासतो. मग आधीच्या वेळी त्याने का नाही सांगितलं? आमच्या संचात प्रोसेस अधेमधे मारणारी चाचणी आहे की! जुना लॉग काढला. ती चाचणी चालली होती, चौथ्या तासाला. पण लॉकडेप पहिली तक्रार नोंदवतो आणि स्वतःला बंद करून घेतो, कारण एकदा गडबड झाल्यावर पुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. त्याने तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडलं होतं आणि नंतरचे सहा तास तो मुकाच होता. पहिला बग काढल्यावर मी पूर्ण संच चालवला असता तर त्याच रात्री दुसरा समोर आला असता. लॉक गळूनही ती चाचणी पास झाली होती, हे वेगळंच. मारण्याच्या चाचणीनंतर कोणी रीलोड करत नव्हतं, मशीन सरळ टाकून दिलं जायचं.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. आधी त्या एका जागी मॅक्रो काढून साधा 'इफ' आणि लॉक सोडणाऱ्या लेबलकडे 'गोटू'. मग मॅक्रो मॉड्यूलमधून हद्दपार, २३ जागा होत्या. आणि लॉक धरून हार्डवेअरची वाट बघणं हेच मुळात वाईट, म्हणून नंतर नोंदीचा संदर्भ मोजून ठेवून लॉक सोडून थांबायची सोय केली. २०२३ मधल्या ६.५ पासून कर्नलमध्ये 'गार्ड' आले आहेत, स्कोपमधून कसेही बाहेर पडा, लॉक आपोआप सुटतो. ते असतं तर हा मॅक्रोही निरुपद्रवी ठरला असता. ५.१५ वर ते नाहीत. या वेळी पूर्ण संच चालवला, सहा तास, लॉकडेप शेवटपर्यंत जागा आहे ना हे तपासून.

पॅच चालू मशीनवर चढवायचा म्हणजे मॉड्यूल बदलायचं, म्हणजे रीबूट. एका रात्रीत सगळी होणार नव्हती. कोणतं आधी? तेव्हा लक्षात आलं की क्रॅश टूल चालू कर्नलवरही लावता येतं. प्रत्येक मशीनवर जाऊन काउंट वाचायचा. निरोगी मशीनवर तो शून्य, किंवा एखादा रीडर त्या क्षणी आत असेल तर २५६, पुन्हा वाचला की शून्य. पहिल्या दहांत सगळी शून्य होती. अकराव्यावर ५१२. पुन्हा वाचला, ५१२. दहा मिनिटांनी, ५१२. मशीन अगदी ठणठणीत चाललेलं, लोड एकच्या खाली, पीएस झटकन येतोय, आणि आत दोन मेलेले रीडर, कुणीतरी रीलोड करायची वाट बघत. अशी चार मशीनं निघाली. त्यांच्या मालकांना फोन केले की कृपा करून आज रीलोड करू नका. एकाने विचारलं, "का, काही बिघडलंय का?" खरं तर त्याच्याकडे काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं.

यादीतल्या शेवटच्या मशीनवर २५६ आला. पाचवं सापडलं म्हणून मी लिहूनही टाकलं. मग परत वाचला: शून्य. खरोखरच कोणीतरी वाचत होतं.